खोटा पत्ता

सोमवारी सकाळी आमच्या खोलीतला फोन वाजला नाही, तर काम चांगलं झालं असं समजायचं. याहून वेगळं कौतुक आमच्या धंद्यात मिळत नाही आणि मला ते नकोही असतं. शनिवार-रविवारी मी विद्यापीठातल्या झाडून सगळ्या लोकांची घरं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली होती, आणि आता तो फोन कसा गप्प आहे याचा आनंद घेत बसलो होतो. घरं म्हणजे विटांची नव्हेत. आमच्या यंत्रांवर प्रत्येकाला आपापलं सामान ठेवायला एक जागा दिलेली असते. कुणाचा प्रबंध, कुणाची पत्रं, कुणाचे वर्षानुवर्षं अर्धवट पडलेले प्रोग्राम, कुणी तर आपल्या मुलीच्या पहिल्या पावलांचे फोटोही तिथेच ठेवलेले. युनिक्स या यंत्रप्रणालीवर काम करणारे या जागेला पहिल्यापासून घरच म्हणत आले, आणि मीही इतकी वर्षं म्हणतोय की हा शब्द उसना आहे हे विसरून गेलोय. अशी हजारो घरं जुन्या, कण्हणाऱ्या डिस्कांवरून नव्या डिस्कांवर गेली होती, आणि सकाळी लोक येऊन आपापल्या घरात शिरले होते. ज्याची त्याची चप्पल जिथल्या तिथे. आपलं घर रातोरात हललं हे कुणालाही कळलेलं नव्हतं. मला मनातून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण स्वतःसाठी नव्हे, हेडबाईंसाठी. ही सगळी रचना त्यांची. मी त्यांनी आखलेल्या रेघेवरून चालणारा.

तेवढ्यात चहा आला आणि फोन वाजला. कुणाचं तरी घर सापडत नसणार, म्हणून मी पेन्सिल उचलली. पलीकडून एक तरुण बाई बोलत होती. "तुम्ही त्या आजींचे भाचे ना? मी तुमच्या जुन्या घरातून बोलतेय. आजी इथे दारात उभ्या आहेत. कुलपाला किल्ली लावून बघतायत. लागत नाही म्हणून माझ्यावरच चिडल्यात. म्हणतायत, तू माझ्या घरात काय करतेस?"

पेन्सिल हातातच राहिली. यंत्रांच्या खोलीतून येणारी थंड हवा नेहमीच पायाला लागते, ती त्या वेळी गुडघ्यापर्यंत चढल्यासारखी वाटली. मी "येतो" म्हणालो आणि चहा तसाच टाकून निघालो. आत्याने मला लहानाचा मोठा केला. आईवडील गेल्यावर ती मला आपल्याकडे घेऊन आली, तिचा स्वतःचा मुलगा आणि मी एका ताटात जेवून वाढलो, आणि तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यावर मी आणि आत्या राहिलो ते आजपर्यंत. मी लग्न केलं नाही. "करायचं राहून गेलं" असं आत्या लोकांना सांगते, जसं काही मी दुधाची पिशवी आणायला विसरलो. गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आत्याचे गुडघे प्रत्येक पायरीला बोलायला लागलेले. नवं घर तळमजल्यावर आहे, जुन्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हेच चुकलं असं बसमध्ये बसल्यावर मला वाटलं. लांब असतं तर ती गेलीच नसती. मग स्वतःचीच लाज वाटली. म्हातारं माणूस हरवू नये म्हणून त्याला लांब नेऊन टाकायचं, हा कुठला न्याय?

बसच्या काचेला डोकं टेकवलं की मला हेडबाई आठवतात. काच थरथरते तशीच आमची जुनी यंत्रं थरथरायची म्हणून असेल. हेडबाई हे त्यांचं आम्ही ठेवलेलं नाव. शाळेच्या हेडबाईंसारख्या त्या चालत आल्या की माणसं आपोआप खुर्चीत ताठ व्हायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून विचारलं होतं, "तुझं घर कुठे आहे?" मी बावळटासारखा गल्लीचं नाव सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "ते नव्हे. इथलं." मी यंत्राला विचारलं. यंत्राने सरळ दोन शब्दांचा पत्ता दिला, आधी होम आणि पुढे माझं नाव. "हा पत्ता खोटा आहे," त्या म्हणाल्या. "त्या नावाची जागा कुठल्याच डिस्कवर नाही. आणि खोटा आहे म्हणूनच चांगला आहे." मला त्या वेळी काही समजलं नाही, पण अंगावर बारीक काटा आला होता, तो अजून आठवतो. एखादा माणूस आपल्या कामाबद्दल इतकं शांतपणे काही भलतंच बोलतो आणि ते खरं असतं, तेव्हा असा काटा येतो.

त्यांच्या आधी लोकांनी काय काय करून पाहिलं होतं ते त्या मीठमसाला लावून सांगायच्या. सुरुवातीला सगळी घरं एकाच ढिगात होती. लोक वाढले आणि तो ढीग नुसता उघडायला सांगितला तरी यंत्र तोंड वासून बसायचं. मग कुणीतरी शहाण्याने आद्याक्षराप्रमाणे वाटणी केली. ए आणि एस या अक्षरांच्या डिस्का ओसंडून वाहायला लागल्या, आणि क्यू अक्षराच्या डिस्कवर माशा मारायला कुणी नाही. मग विभागाप्रमाणे वाटणी झाली. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक भांडून पर्यावरणात गेले, घर मात्र रसायनातच राहिलं, आणि ते हलवून घेण्यासाठी त्यांनी कुलगुरूंपर्यंत धाव घेतली. मग प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे. त्यात नापास झालेल्यांचं काय करायचं यावर मोठी चर्चा होऊन सगळ्यांनी चहा घेतला. "माणसाच्या कुठल्याही गुणावर घर बांधू नये," हेडबाई म्हणायच्या. "विभाग बदलतो, वर्ष बदलतं, लग्न झालं की नावसुद्धा बदलतं. माणूस तेवढा तोच." त्यांनी काय केलं, तर घर जिथे जागा असेल तिथे ठेवलं, कुठल्याही डिस्कवर, कुठल्याही कोपऱ्यात, आणि कोण कुठे आहे याचा एकच नकाशा ठेवला. माणसाने आपल्या घराचं नाव घेतलं की यंत्र त्या नकाशात बघतं, खरी जागा शोधतं आणि दार समोर आणून उभं करतं. माणूस निघून गेला की थोड्या वेळाने ते दार मिटतं. ज्याचं घर त्याने मागितल्याशिवाय दारही नसतं. माणसाला फक्त खोटा पत्ता माहीत, खरा आम्हाला. म्हणून आम्ही त्याचं घर हवं तेव्हा हवं तिथे नेऊ शकतो, आणि त्याच्या झोपेत खंड पडत नाही. इतकी साधी गोष्ट आहे की शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. पण ती सुचायला माणसांवर एका विशिष्ट तऱ्हेचा लोभ असावा लागतो. हेडबाईंना माणसं आवडायची असं कुणी म्हणालं नसतं. पण कुणी आपल्या घरासाठी ताटकळत उभं राहू नये, एवढं मात्र त्यांनी आयुष्यभर पाहिलं.

जिने चढून वर गेलो. कठड्याची एक सळी सैल आहे, तिला हात लागला की ती टुणकन वाजते. माझा हात तिच्याकडे माझ्या नकळत गेला आणि ती वाजली. दार उघडंच होतं. आत ॲक्रिलिकचा गोडसर वास भरला होता. फोन करणारी ती बाई कवळ्या तयार करते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, ती त्यावरून दात बसवून देते. जिथे आत्याचा पलंग होता तिथे तिचं कामाचं मेज होतं आणि खिडकीत, ऊन यावं म्हणून, गुलाबी हिरड्यांच्या कवळ्या ओळीने मांडलेल्या. आत्या मधल्या खोलीत स्टुलावर बसली होती. मांडीवर बटवा, बटव्यावर दोन्ही हात.

"आलास? बघ जरा," ती म्हणाली. "माझ्या खोलीत दात ठेवलेत."

"आत्या, आपण आता इथे राहत नाही. आपलं घर बदललंय. तुला ठाऊक आहे ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं. तिचा चेहरा पडला तो ठाऊक नसल्यामुळे नव्हे, ठाऊक असून पाय इकडे आले म्हणून. मी हे सगळं त्या परक्या बाईसमोर बोलायला नको होतं. "मला माहितीये रे," ती हळूच म्हणाली. "पायांना कुणी सांगितलं नाही." आणि मग मान वर करून त्या बाईला म्हणाली, "जित्याची खोड आहे ही, पोरी. राग मानू नकोस."

रस्त्याने परत येताना ती माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे चालत होती. तिला माझ्याबरोबर चालायचं नव्हतं. घरी पोचल्यावर मी चिठ्ठी लिहून तिच्या बटव्यात ठेवली, नव्या घराचा पत्ता, मोठ्या अक्षरात. नवी किल्लीही द्यायला गेलो, पण तिने ती घेतली नाही. ती किल्ली घर घेतल्यापासून दाराजवळच्या खिळ्याला लटकते आहे, तिच्यासाठी करून आणलेली, आणि बटव्यात मात्र जुनीच. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. एक माणूस बंद पडलेलं घड्याळ घेऊन उभा. आमच्या आधी या घरात एक घड्याळजी राहायचा, तो आता धोब्याच्या दुकानाशेजारी गेलाय, पण गिऱ्हाइकं अजून इथेच येतात. "ते इथे राहत नाहीत," मी म्हणालो आणि दार लावलं. दिवसातून एक-दोनदा मी हेच वाक्य बोलतो, आणि आता तर चेहऱ्याकडे न बघताही बोलता येतं.

संध्याकाळी दादाचा, म्हणजे माझ्या आत्येभावाचा, फोन आला. त्या कवळीवाल्या बाईने आधी त्याला फोन केला होता. आत्याच्या बटव्यात त्याचा नंबर होता, माझा तिला त्यानेच दिला. दादा वाईट माणूस नाही. त्याला लांबून काळजी करावी लागते, आणि लांबून केलेली काळजी चटकन रागात बदलते. "तू दिवसभर बाहेर. ती रस्ता ओलांडून जाते. एखादी गाडी आली म्हणजे?" तो म्हणाला. "बाहेरून कुलूप घालून जात जा." मी म्हणालो ते माझ्याच्याने होणार नाही. "मग ऐक. इथे ज्येष्ठांसाठी एक निवास आहे, मी बघून ठेवलाय. चांगला आहे, माणसं आहेत लक्ष ठेवायला. मी पुढच्या महिन्यात येतो. तोवर पुन्हा असं झालं, तर मी तिला घेऊन जाईन. तुझ्यावर राग नाही माझा." आत्या आतल्या खोलीत होती आणि दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपत होती, डाव्या बाजूला. बटण उजवीकडे आहे. जुन्या घरात ते डावीकडे होतं. तिचा हात भिंतीवरून फिरत होता त्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. हलवून पाहावं असंही कुणीतरी म्हणून ठेवायला हवं होतं. मी आमचं घर हलवलं तेव्हा मला केवढा तोरा होता! जगात या कामाची सवय असलेली जी काही थोडी माणसं असतील, त्यांतला मी एक. मी प्रत्येक खोक्यावर खूण केली. जुन्या कपाटाच्या ज्या खणात जे होतं ते नव्या घरात त्याच खणात गेलं, आरशाखालचा कंगवासुद्धा. पलंगाचं डोकं त्याच दिशेला. मग मी जुन्या घरी जाऊन प्रत्येक कोपरा बघून आलो, काही राहिलं नाही ना, जसं आम्ही नक्कल झाल्यावर एकेक फाइल ताडून बघतो. काही राहिलं नव्हतं. त्याच दिवशी माझी किल्ली घरमालकाच्या हातात दिली आणि हात झटकले. आणि याच गोष्टीने मला सोमवारनंतरच्या दिवसांत छळलं, कारण काहीतरी राहिलं होतं हे मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. आत्या आणखी एकदा गेली. कवळीवाल्या बाईने दादाला न सांगता मला फोन केला. ती म्हणाली, मी त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली, पण त्या रडायला लागल्या. बटव्यातली चिठ्ठी आत्याने नंतर बारीक फाडून टाकली. मी ऑफिसात बसून दुसऱ्यांची घरं राखत होतो आणि माझ्या घरातलं माणूस दारोदार. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

त्या आठवड्यात जुन्या डिस्का बंद करायच्या होत्या. पण त्यांतल्या एकीवर काही लिंक होत्या, हेडबाईंनी आधीच्या एका स्थलांतराच्या वेळी ठेवलेल्या. काही लोकांनी, आम्ही बजावूनही, आपल्या प्रोग्रामांत घराचा खरा पत्ता लिहून ठेवला होता, अमुक डिस्क, अमुक कोपरा. त्यांची घरं हलली, पण प्रोग्राम जुन्या जागीच जाऊन दार ठोठावत राहिले. अशांसाठी त्या रिकाम्या जागेत एक लिंक ठेवायची असते. नाव जुनं, पण आत शिरलं की नव्या घरात. मला त्या लिंक आता नव्या यंत्रावर पुन्हा मांडण्याचा कंटाळा आला होता. म्हणून हेडबाईंना फोन केला. त्या निवृत्त झाल्यात, पण आवाज तोच, खुर्चीत ताठ करणारा.

"अजून येतं का कुणी त्या वाटेने?" त्यांनी विचारलं.

"एक कुणीतरी येतो अधूनमधून. वनस्पतीशास्त्रातला जुना प्रोग्राम आहे. त्याला मेल पाठवून कळवतो की पत्ता बदल, आणि लिंक काढून टाकतो."

"म्हणजे पाटी लावणार. 'इथे कुणी राहत नाही.'"

"हो, तसंच."

"पाटी वाचून माणूस परत फिरतो, बाबा. आणि जायचं कुठे हे त्याला तेव्हाही माहीत नसतं. लिंक त्याला पोचवते." पाणी प्यायल्याचा आवाज आला. त्या कायम गरम पाणी पितात. "चूक त्याची असेल. तुम्ही सांगूनही त्याने ऐकलं नसेल. पण घर आपण हलवलंय ना? मग जुन्या दाराशी कोण येतं ते बघायची जबाबदारी हलवणाऱ्याची. तो येतोय तोवर ठेव. यायचा थांबला की आपोआप कळेल."

फोन ठेवल्यावर मी यंत्रांच्या खोलीत गेलो. आत एकसारखा घूं आवाज असतो आणि त्यात माझं डोकं चांगलं चालतं. सामान राहिलं नव्हतं. जुन्या जागी काही ठेवायचं राहिलं होतं. ऑफिसात एखाद्याने घर हलवून त्याच दिवशी जुनी जागा पुसून टाकली असती, तर मी त्याला उभा सोलला असता, आणि घरी मी तेच करून वर हात झटकून आलो होतो. मला एकदम हसू आलं, आणि त्याबरोबरच हेडबाईंबद्दल इतकं भरून आलं की तिथेच, त्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यांसमोर, मी मोठ्याने "वा बाई, वा!" म्हणालो. कधीही न पाहिलेल्या माणसांचा एवढा विचार करणारी ही बाई, आणि तिच्या हाताखाली इतकी वर्षं काढून मी शिकलो ते फक्त डिस्कांपुरतं.

दुसऱ्या दिवशी मी जुने जिने चढलो. कवळीवाली तोंडाला फडकं बांधून काहीतरी घासत होती. मला कसं बोलावं कळेना. शेवटी सरळच सांगितलं. आत्या आली तर तिला राहत नाही असं म्हणू नका. दार उघडा, बसवा, आणि जमलं तर तिला आमच्या घरी आणून सोडा, आमची एक किल्ली तुमच्याकडे ठेवा. तुमच्या वेळेचं काय ते मी... एवढं बोलल्यावर तिने मला हातानेच थांबवलं.

"मी दिवसभर बसून पाठीचा कणा वाकवतेय," ती फडकं काढून म्हणाली. "डॉक्टर म्हणतात चाला. एकटीला कंटाळा येतो. आणि तुमच्या आजींनी परवा मला सांगितलं की ही खिडकी वर उचलून कडी लावायची. महिनाभर मी तिच्याशी कुस्ती खेळत होते. घराची माहिती असलेलं माणूस घरी येतंय, तर नको कशाला म्हणू?" मग तिने विचारलं, "पण किती दिवस?"

"ती येतेय तोवर," मी म्हणालो.

मग जे झालं त्याला घटना म्हणता येणार नाही. आत्या जायची. किल्ली लागायची नाही. आतून आवाज यायचा, "थांबा आजी, हातातला दात ठेवते," आणि दार उघडायचं. चहा व्हायचा. एकदा कवळीवालीने आत्याचीच कवळी काढून घेतली आणि घासून दिली. ती आत्या बोलताना टकटक वाजायची, ती वाजायची थांबली. आत्या तिला घर शिकवत होती, कुठला नळ आधी सोडायचा, पावसाळ्यात कुठली भिंत ओली होते, वरचा माणूस किती वाजता खुर्ची ओढतो. आणि मग दोघी निघायच्या. "चला, घरी जाऊ," असं कवळीवाली म्हणायची, आणि आत्या त्या घरातून निघून घरी यायची. वाटेत धोब्याचं दुकान लागायचं, त्याच्या शेजारी घड्याळजी. कवळीवालीच्या हातावरचं घड्याळ तिथे दुरुस्तीला पडलं होतं, त्यामुळे तिथे थांबून गप्पा व्हायच्या. हे सगळं मला आत्या रात्रीच्या जेवणात सांगायची. तिच्या बोलण्यात लाज राहिली नव्हती. "ती मुलगी चांगली आहे," ती म्हणाली. "आपलं घर नीट ठेवलंय तिने. दात सोडले तर." मी ऐकत राहायचो. आतल्या खोलीतला हात अजून कधी डावीकडे जायचा, कधी उजवीकडे. मी विचारत नव्हतो. हेडबाई म्हणाल्या होत्या, आपोआप कळेल.

दादा ठरल्याप्रमाणे आला, रविवारी, दुपारच्या गाडीने. हातात दोन पिशव्या. त्यांतली एक रिकामी. त्याच्या नजरेला नजर देता येईना, कारण मी त्याला सगळं खरं सांगितलं होतं. ती जाते, दर आठवड्याला जाते, आणि कुणीतरी तिला आणून सोडतं. "म्हणजे सुधारणा नाहीच," तो म्हणाला होता. "तू फक्त तिच्यामागे माणूस ठेवलंस." लिंक म्हणजे काय हे मी त्याला सांगितलं असतं, तर त्याने आधी मलाच निवासात नेलं असतं. आत्या त्याच्यासमोर बसून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत होती आणि तो उत्तरं देत तिच्याकडे डॉक्टर बघतात तसं बघत होता. "आई," तो शेवटी म्हणाला, "काही दिवस माझ्याबरोबर येतेस? तिथे तुझ्या वयाची माणसं आहेत." आत्याने बटवा उचलून मांडीवर घेतला. ती माझ्याकडे बघेना, त्याच्याकडेही बघेना.

दाराची घंटा वाजली. दादा जवळ होता, त्याने दार उघडलं. एक म्हातारे गृहस्थ, कापडी पिशवीत भिंतीवरचं घड्याळ, पिशवीतून लंबक बाहेर आलेला. "घड्याळजी आहेत का?"

"नाही, ते इथे राहत नाहीत," दादा म्हणाला आणि दार लोटायला लागला. त्याला तरी काय माहीत? इतके दिवस मीही तेच करत होतो.

"अरे, असा काय दारातून घालवतोस त्यांना?" आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, पण उठली. दादाला बाजूला करून ती दारात गेली. "या, बसा. ऊन केवढं आहे बाहेर. ते पूर्वी राहायचे इथे. आता इथे आम्ही राहतो. ते गेले तिकडे, धोब्याच्या शेजारी. तुम्हाला नाही सापडायचं, पाटी आत आहे त्यांची. पाणी घ्या आधी, मी येते दाखवायला."

इथे आम्ही राहतो. ती हे कुणाला समजावून सांगत नव्हती, सहज बोलून गेली होती. मी दादाकडे बघितलं. तोही माझ्याकडे बघत होता आणि बरोबर आणलेली रिकामी पिशवी त्याने घडी करून दुसऱ्या पिशवीत सारली. लहानपणी एकाच ताटात जेवताना आत्या ज्याच्या बाजूला तूप जास्त वाढायची त्याच्याकडे दुसरा असाच बघायचा.

गृहस्थांचं पाणी पिऊन झालं. आत्याने चपला घातल्या, बटवा काखेत मारला, आणि दाराजवळच्या खिळ्याकडे हात नेला. न बघता. हात सरळ खिळ्यावर गेला.

"चला," ती त्या गृहस्थांना म्हणाली, आणि वळून दादाला, "तुम्ही दोघं जरा पाय मोकळे करून या हवं तर. दार ओढून घ्या. किल्ली माझ्याकडे आहे."